सी-१०च्या मागच्या ॲक्सलला ३.०७, ३.७३ की ४.११?

हौदेवाला
मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी १९७२ची शेवरले सी-१०, आखूड हौद्याची. ३५० घन इंचांचं इंजिन, कॅमचं ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो) ५० थाऊ, म्हणजे हजारांश इंच, लिफ्टला २२४ अंश, चार बॅरलचा कार्ब्युरेटर. गिअरबॉक्स टीएच-३५०, तीन गतींचा ऑटोमॅटिक. मागे कंपनीचाच १२-बोल्ट ॲक्सल, आकडा ३.०७ (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.०७ फेरे), डिफरन्शियल ओपन. टायर २७५/६०आर१५.

वापर असा: डेट्रॉइटच्या आसपास शहरात फिरणं, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवरचा जुन्या गाड्यांचा मेळा, आणि महिन्यातून एकदा शिकागो. म्हणजे जाताना जवळपास २८० मैल आणि तेवढेच परत, इंटरस्टेटवर ७०च्या वेगाने.

सिग्नलवरून सुटताना गाडी जड वाटते. ३५-४० मैलांच्या पुढे मात्र छान ओढते. क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, जिच्यावर हा आकडा ठरतो) बदलायचं नक्की आहे. ३.७३ घ्यावं की ४.११? आणि सोबत चार गतींचा ७००आर४ गिअरबॉक्स बसवावा का?

खोलगिअर
४.११. दुसरा विचारच नको.

आकडेमोड
आधी गणित मांडू, मग भांडू.

इंजिनचे फेरे = मैलांतला वेग × ॲक्सलचा आकडा × गिअरचा आकडा × ३३६ ÷ टायरचा व्यास इंचांत.

टायरचा व्यास काढू: २७५ मिमीच्या ६० टक्के म्हणजे १६५. वरची आणि खालची बाजू मिळून ३३० मिमी, म्हणजे १३ इंच. रिम १५. एकूण २८ इंच. ३३६ भागिले २८ बरोब्बर १२, त्यामुळे तुमचं गणित तोंडी होतं: वेग × १२ × ॲक्सल × गिअर.

७० मैलांवर, टॉप गिअर १:१ धरून:
३.०७ ला २५७९ फेरे
३.७३ ला ३१३३
४.११ ला ३४५२

७००आर४चा चौथा गिअर ०.७० आहे. तो लागला की:
३.०७ ला १८०५
३.७३ ला २१९३
४.११ ला २४१७

सुटतानाचा जोर पहिला गिअर आणि ॲक्सल यांच्या गुणाकारावर ठरतो. टीएच-३५०चा पहिला २.५२, ७००आर४चा ३.०६.
टीएच-३५० आणि ३.०७: ७.७४ (आज तुमच्याकडे आहे ते)
टीएच-३५० आणि ३.७३: ९.४०
टीएच-३५० आणि ४.११: १०.३६
७००आर४ आणि ३.०७: ९.३९
७००आर४ आणि ३.७३: ११.४१
७००आर४ आणि ४.११: १२.५८

दुसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवून बघा. ॲक्सलला हात न लावता नुसता ७००आर४ बसवला, तरी सुटताना जोर तोच मिळतो जो टीएच-३५० ठेवून ३.७३ घातल्यावर मिळेल. म्हणून ॲक्सलचा आकडा एकटा ठरवू नका.

चौथाकोन
आकडेमोड यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. एक विनंती, या धाग्यापुरतं ‘मोठा आकडा’ म्हणजे ४.११कडे आणि ‘छोटा आकडा’ म्हणजे ३.०७कडे असंच लिहू या. अमेरिकेत ३.०७ला ‘हाय गिअर’ म्हणतात, आपल्याकडचे लोक ४.११ला ‘हाय’ समजतात. पार्ट मागवताना फोनवर हा घोळ झाला तर खोकं परत पाठवावं लागतं.

खोलगिअर
माझं म्हणणं थोडं सविस्तर. रिकाम्या सी-१०चं वजन ढोबळमानाने पावणेचार हजार पौंड. २२४ अंशांचा कॅम १८००च्या खाली नीट श्वास घेत नाही. अशा इंजिनाला लवकर वर न्यावंच लागतं आणि ते काम ४.११ करतं. वुडवर्डवर एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत ४० मैलांच्या पुढे जायचंच नसतं, तिथे ३.०७ म्हणजे पंगत बसलेली आणि वाढपी बेपत्ता.

हायवेकर
वुडवर्ड वर्षातून एकदा, शिकागो बारा वेळा. टीएच-३५० ठेवून ४.११ घातलं तर एका फेरीत चार तास ३४५० फेरे. शिवाय कागदावरचे फेरे आणि प्रत्यक्षातले यांत फरक पडतो. रेडियल टायर जमिनीवर दबतो. २८ इंची टायरचे मैलाला हिशेबाने ७२० फेरे व्हायला हवेत, होतात ७४०च्या आसपास. हे झाले ३ टक्के. टीएच-३५०च्या टॉर्क कन्व्हर्टरला लॉकअप नाही, तो घसरतो त्याचे आणखी ३ ते ५ टक्के. दोन्ही धरून ३४५२चे ३६५० ते ३७३० होतात. इंजिन मोडणार नाही, पण कॅबमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागेल, तेल तापेल आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येईल.

टीएच-३५० कायम ठेवायचा असेल तर माझ्या मते ३.७३सुद्धा इंटरस्टेटला जास्त आहे, ३.४२ घ्या. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ७००आर४च्या ०.७०सारखा १च्या आतला टॉप गिअर, येणार असेल तर गोष्ट वेगळी.

लालतिखट
कंपन्यांनी स्वतः काय केलं ते पाहणं इथे उपयोगाचं आहे. शेवरलेचा ४५४ एसएस ट्रक घ्या. १९९०च्या पहिल्या वर्षी टीएच-४०० गिअरबॉक्स आणि ३.७३ ॲक्सल. १९९१ला ४एल८०-ई हा ओव्हरड्राइव्हवाला बॉक्स आला आणि त्याबरोबर ॲक्सल झाला ४.१०. दोन्ही बॉक्सचा पहिला गिअर २.४८च. टायर २७५/६०आर१५, म्हणजे हौदेवाल्यांचाच.

सुटतानाचा गुणाकार ९.२५चा १०.१७ झाला. टॉपला ओव्हरड्राइव्ह ०.७५, म्हणून ४.१० × ०.७५ = ३.०७५. ७० मैलांवरचे फेरे ३१३३वरून २५८३वर आले. सुटणं सुधारलं आणि हायवेही शांत झाला, दोन्ही एका दमात.

फोर्डने १९९३च्या एफ-१५० लाइटनिंगला हेच केलं: ४.१० ॲक्सल, ई४ओडी बॉक्सचा ओव्हरड्राइव्ह ०.७१, टायर ३० इंच. ७०ला २२८०च्या आसपास.

याउलट १९७८चा डॉज लिल रेड एक्सप्रेस. ३६० इंजिन, तीन गतींचा ७२७ बॉक्स, ओव्हरड्राइव्ह नाही. त्याला डॉजने ४.१० दिला नाही, ३.५५ दिला. तीन गतींच्या बॉक्सवर रोज चालवायचा ट्रक असेल तर मर्यादा कुठे येते, ते यावरून दिसतं.

खोलगिअर
लालतिखट, ४५४च्या टॉर्कला २.४८ पुरतो. ३५०ला पुरत नाही. तुलना सरळ लागू होत नाही.

लालतिखट
मान्य. पण ७००आर४चा पहिला ३.०६ आहे, २.४८ नव्हे. ती उणीव बॉक्सच भरून काढतो. ३.०६ला ४.११ जोडलं तर १२.५८. रिकाम्या हौद्याच्या ट्रकला मागे वजन कुठे आहे? ३५०चा टॉर्क ३८० पौंड-फूट धरा. ९.४० गुणाकाराला टायरवर ३००० पौंडांच्या वर जोर येतो, १२.५८ला ४०००च्या वर. मागच्या दोन चाकांवर गाडीचं निम्म्याहून कमी वजन. साधा रस्त्यावरचा टायर ९.४०चा पूर्ण जोरच पेलत नाही, वरचा सगळा धूर. शिवाय पहिला गिअर ५५०० फेऱ्यांवर ३६ मैलांतच संपतो. ३.७३ला तो ४० मैलांपर्यंत जातो.

आणि ७००आर४च्या पहिल्या-दुसऱ्यातली दरी विसरू नका. ३.०६वरून थेट १.६३. ५५००ला बदलला की इंजिन २९३०वर पडतं. टीएच-३५०मध्ये २.५२वरून १.५२, तिथे ३३२०वर थांबतं. ॲक्सलचा आकडा कितीही मोठा घ्या, ही दरी तेवढीच राहते. इंजिन ३००० फेऱ्यांना ओढणारं हवं. २२४ अंशांचा कॅम तिथे ओढतो. २४० अंशांचा असता तर मीच ७००आर४ नको म्हटलं असतं आणि २००-४आर सुचवला असता, २.७४ आणि १.५७वाला.

नवखा_पुणे
फार छान चर्चा. बाळबोध प्रश्न: ॲक्सलमध्ये आत्ता कोणता आकडा आहे हे न उघडता कसं कळतं? जुन्या गाडीत आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो ना?

चौथाकोन
असू शकतो, म्हणून मोजायचाच. मागची दोन्ही चाकं उचलून घोड्यांवर ठेवा, पुढच्या चाकांना ओंडके लावा, गिअर न्यूट्रलमध्ये. प्रोपेलर शाफ्टवर आणि समोर बॉडीवर खडूची खूण करा. डिफरन्शियल ओपन असेल तर एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजा. तीन फेरे आणि जेमतेम वर काही असेल तर ३.०७, पावणेचारला थोडा कमी असेल तर ३.७३, चारच्या पुढे थोडासा असेल तर ४.११. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतात, तेव्हा एकच फेरा द्यायचा.

खात्री हवी तर झाकण काढा. क्राऊनच्या कडेला दातांची संख्या ठोकलेली असते, ४१ आणि ११ अशी.

दातेकर
दातांचा विषय निघाला म्हणून गिअर कापणाऱ्यांच्या बाजूने थोडं.

४१ भागिले ११ म्हणजे ३.७२७, त्याला ३.७३ म्हणतात. ३७ भागिले ९ म्हणजे ४.११. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. ३७ आणि ४१ मूळ संख्या, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो. एखाद्या दातावर बारीक खोट असली तरी ती सगळीकडे घासून सारखी होते. याला हंटिंग जोडी म्हणतात.

आता फोर्डच्या ९ इंची ॲक्सलचा ३.०० घ्या: ३९ आणि १३. इथे पिनियनचा एक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच तीन दातांना भेटतो. कारखान्यात लॅपिंग (दात एकमेकांवर घासून बसवणं) याच भेटीगाठींवर झालेलं असतं, म्हणून अशा जोडीवर रंगाच्या खुणा असतात आणि बसवताना त्या जुळवाव्याच लागतात. नाही जुळवल्या तर नवीन जोडीसुद्धा गुणगुणते. ३५ आणि १०, म्हणजे ३.५०, यांच्या मधली: सामाईक अवयव ५.

हायपॉइड जोडी (पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली असलेली) एकमेकांवर लॅप केलेली असते, म्हणून पिनियन एका डब्यातला आणि क्राऊन दुसऱ्यातला असं चालत नाही. दोन्हींवर कोरलेला जोडीचा नंबर आधी ताडून बघा.

नवखा_पुणे
दातेकर नावाला जागलात!

हौदेवाला
सगळ्यांचे आभार. मोजून पाहिलं, ३.०७च आहे. एक शंका: ३.७३ची जोडी आहे त्याच कॅरिअरवर (क्राऊन ज्याच्यावर बोल्टने बसतो तो गाभा) बसते का? आणि बाजारात १२-बोल्टच्या जोड्या भरपूर दिसतात, त्यातली कोणतीही चालेल?

शिमवाली
दोन्हींचं उत्तर नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

१२-बोल्ट दोन जातींचा आहे, एक कारचा आणि एक ट्रकचा. क्राऊनचा व्यास दोन्हींचा ८.८७५ इंच आणि झाकणाला बोल्ट बारा, त्यामुळे एकसारखे वाटतात. पिनियनचा दांडा मात्र कारचा १.६२५ इंच आणि ट्रकचा १.४३८. कॅमारो-शेव्हेल या कारची जोडी सी-१०मध्ये बसत नाही. मागवताना ‘१२-बोल्ट ट्रक’ हे शब्द स्पष्ट सांगा.

कॅरिअरचं असं, की आकडा वाढला की पिनियन बारीक होतो आणि त्याच्यापर्यंत पोचायला क्राऊन जाड लागतो, नाहीतर ज्या पाळीवर क्राऊन बसतो ती पुढे लागते. म्हणून कॅरिअर दोन केले. ट्रकच्या १२-बोल्टला ३.४२ आणि खाली एक, ३.७३ आणि वर दुसरा. ३.०७वरून ३.७३ म्हणजे कॅरिअर बदलणं आलं. ३.४२ घेतला तर जुना चालतो. नवा कॅरिअर घ्यायचाच आहे तर ओपन कशाला घेता, लिमिटेड स्लिपच घ्या, मजुरी तीच.

फोर्डवाला
म्हणून फोर्डचा ९ इंची बरा. कॅरिअरची भानगडच नाही, सगळे आकडे एकाच कॅरिअरवर. वर मधला सगळा गोळा पुढून बाहेर निघतो. एक ३.२५चा आणि एक ४.११चा तयार ठेवला तर दुपारभरात बदलता येतो.

आकडेमोड
९ इंचीत पिनियन क्राऊनच्या मध्यापासून जास्त खाली असतो. दात एकमेकांवर जास्त घसरतात, ताकद वाढते पण घर्षणही वाढतं. ३५०च्या रस्त्यावरच्या ट्रकला १२-बोल्ट पुरून उरतो. चांगला ॲक्सल काढून दुसरा घालायचं कारण दिसत नाही.

फोर्डवाला
घर्षणाचं मान्य. पण १२-बोल्टमध्ये ॲक्सलचा दांडा आतल्या सी-क्लिपवर धरलेला असतो. दांडा तुटला की चाक बाहेर येतं. ९ इंचीत बाहेरच्या टोकाला पट्टी आहे, ती धरून ठेवते. ड्रॅग टायर लावणार असाल तर हा विचार करा.

हौदेवाला
ड्रॅग टायर नाहीत. १२-बोल्टच ठेवतो. शिमवाली ताई, बसवताना काय काय बघायचं ते जरा सविस्तर लिहाल का? काम गॅरेजकडे देणार आहे, पण काय विचारायचं ते माहीत असावं.

शिमवाली
लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे.

उघडताना बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी पंचची खूण आधी. त्या घरासोबतच मशीन केलेल्या असतात, अदलाबदल केली की बेअरिंग आवळतं. आडवी पिन धरून ठेवणारा बारीक बोल्ट सावकाश काढा, तो आत मोडला की अर्धा दिवस जातो. पिन निघाली की दांडे आत ढकलून सी-क्लिप काढायच्या. बाजूच्या पत्र्या (शिम) डाव्या-उजव्या वेगळ्या बांधून ठेवा आणि जुन्या पिनियनखालच्या पत्रीची जाडी मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवा. नव्या जोडीची सुरुवात त्याच जाडीने करायची.

क्राऊन नव्या कॅरिअरवर चढवण्याआधी दोन्ही पाळ्यांवरून बोट फिरवा, बारीक कंगोरा लागला तर दगडाने काढा. क्राऊन गरम पाण्यात किंवा ओव्हनमध्ये कोमट करा, अलगद बसतो. ज्योत लावू नका. बोल्ट आवळून ओढून बसवू नका, तो वाकडा बसतो. बोल्ट नवे, लाल लॉकिंग द्रव लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने.

मग पिनियन. आधी खोली, नंतर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), शेवटी क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली चेपणारी नळी). चाचणीच्या वेळी जुनी स्लीव्ह वापरा, नवी फक्त शेवटच्या जुळणीला. नव्या बेअरिंगना फिरवण्याचा ताण २० ते २५ इंच-पौंड, सील न लावता मोजलेला. स्लीव्ह चेपली जायला नटावर प्रचंड जोर लागतो आणि एकदा चेपायला लागली की ताण झटकन चढतो. म्हणून शेवटी नट केसभर फिरवायचा, मोजायचं, परत केसभर. पुढे गेलं तर नट सैल करून ताण ‘बरोबर’ आणायचा नाही. स्लीव्ह एकदाच चेपते, नवीन घालावी लागते. सैल केलेल्या नटावर सोडलेला पिनियन काही शे मैलांत मागेपुढे हलायला लागतो.

बॅकलॅश ६ ते १० थाऊ. डायल गेजचं टोक दाताला काटकोनात लावा आणि क्राऊनवर चार ठिकाणी मोजा. चार ठिकाणांत दोन थाऊंपेक्षा जास्त फरक आला तर क्राऊनखाली कचरा आहे किंवा कंगोरा राहिलाय.

आता रंग. सहा-आठ दातांवर पिवळी पेस्ट पातळ लावा, क्राऊनला लाकडाच्या दांड्याने रोध देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. दाताच्या मध्यावर लंबगोल ठसा हवा. पुढे ओढतानाच्या बाजूला ठसा मुळाशी आला तर पिनियन जास्त आत आहे, पत्री पातळ करा. माथ्याकडे आला तर पत्री जाड करा. आतल्या टोकाला गेला तर बॅकलॅश वाढवा, बाहेरच्या टोकाला गेला तर कमी करा. पत्री बदलली की बॅकलॅशही बदलतो, तो परत मोजायचा. तीन-चार वेळा उघडझाक होते. एका बैठकीत पहिल्याच फटक्यात झालं असं कोणी सांगितलं तर ठशाचा फोटो मागा.

फोटो तसाही मागाच, दोन्ही बाजूंचा. शिवाय बॅकलॅशचे चार आकडे आणि पिनियनचा ताण कागदावर लिहून घ्या. चांगला मिस्त्री न मागता देतो.

खोलगिअर
ताई, हा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावावा असा आहे.

चौथाकोन
+१. नवी जोडी चालवण्याचं जोडतो. पहिल्यांदा १५-२० मैल हळू चालवा, मग अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात. गरम असतानाच जोर दिला तर तेलाचा थर फाटतो आणि दात निळे पडतात. ५०० मैलांपर्यंत ट्रेलर ओढू नका, सिग्नलवरून पूर्ण पाय देऊ नका. ५०० मैलांना तेल बदला, खाली चुंबकावर राखाडी चिखल दिसेल, तो चालतो. टोकदार कण किंवा चकत्या दिसल्या तर उघडा. तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं.

आणि ॲक्सलच्या नळीवरचा श्वासनळीचा बोळा साफ करा. तो तुंबला की गरम तेल सीलमधून वाट काढतं आणि ब्रेकच्या ड्रममध्ये जातं.

हायवेकर
लिमिटेड स्लिपपैकी काय घ्यायचं, ते कुणीच बोललं नाही. माझं मत ट्रूट्रॅकला. आत तिरपे गिअर आहेत, क्लचच्या चकत्या नाहीत, झिजण्यासारखं कमी. त्यात साधं खनिज तेल घालायचं, घर्षण कमी करणारं रसायन घालायचं नाही, नाहीतर पकड कमी होते. क्लच चकत्यांच्या लिमिटेड स्लिपला (पॉझी) उलट ते रसायन लागतं, नाहीतर वळताना थरथरते. डेट्रॉइट लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) रोजच्या गाडीला नको, पार्किंगमध्ये वळताना खटके देतो, ओल्या रस्त्यावर मागचं टोक फेकतो.

ट्रूट्रॅकची एक मर्यादा: एक चाक पूर्ण हवेत गेलं तर तो ओपनसारखा वागतो. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला हे बहुधा आड येत नाही.

दातेकर
एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतंय. ओव्हरड्राइव्ह प्रोपेलर शाफ्टच्या आधी आहे. इंजिन शांत झालं तरी शाफ्ट शांत होत नाही. त्याचा वेग फक्त ॲक्सल आणि टायरवर ठरतो. ७० मैलांना ३.०७ला शाफ्ट २५७९ने फिरत होता, ४.११ला ३४५२ने फिरेल, आणि असंतुलनाचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जवळपास १.८ पट. आज न जाणवणारं कंपन ४.११ला कॅबमध्ये येतं आणि लोक नव्या क्राऊन-पिनियनला दोष देतात.

म्हणून त्याच वेळी शाफ्ट बॅलन्स करून घ्या, क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) नवे टाका, दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर दाबून बघा. सांध्यांचे कोन १ ते ३ अंशांत, आणि पुढचा-मागचा सारखा पण उलट, म्हणजे ते एकमेकांना खोडतात. सी-१०च्या मागे कॉइल स्प्रिंग आणि लांब हात असतील आणि गाडी खाली बसवलेली असेल, तर पिनियनचं नाक फिरलेलं असतं. दोन अंशांच्या पाचरी घालून ते सरळ करता येतं.

हौदेवाला
तीन इंच खाली बसवलेली आहे! कोन मोजतो. आणि निर्णयाकडे येतोय असं वाटतंय: ७००आर४ आणि ३.७३. की आकडेमोड यांनी दाखवल्याप्रमाणे ३.०७ तसाच ठेवून नुसता बॉक्स?

आकडेमोड
नुसत्या बॉक्सने सुटणं सुधारेल, पण चौथा गिअर तुमच्या कॅमला निकामी होईल. ३.०७ला चौथ्यात ७०ला १८०५, ६०ला १५४७. तिथे हा कॅम धक्के देतो. म्हणजे चौथा गिअर फक्त ७०च्या वर वापरायचा. ३.७३ला ७०ला २१९३, ६०ला १८८०. दोन्हीकडे चालतो. तरीही क्रम सांगतो: आधी बॉक्स बसवा, महिनाभर ३.०७वर चालवा, मग ॲक्सल उघडा. दोन्ही एकदम केलं आणि आवाज आला तर कुठला ते कळत नाही.

खोलगिअर
चौथ्यात ४.११ला २४१७ हे काही जास्त नाही. पण पहिला गिअर ३६ मैलांत संपतो आणि शाफ्टचं दातेकरांनी सांगितलेलं, दोन्ही पटलं. २२४च्या कॅमला ३.७३. कॅम बदलाल त्या दिवशी ४.११वर परत बोलू.

लालतिखट
बॉक्सची मापं देऊन ठेवतो. सहा इंच शेपटीचा (बॉक्सचं मागचं निमुळतं घर) टीएच-३५० २७ इंच साडेपाच सूत लांब आहे, ७००आर४ ३० इंच सहा सूत. शाफ्ट तीन इंचांनी आखूड करावा लागेल. नऊ इंच शेपटीचा असेल तर लांबी जवळपास तीच, शाफ्ट तसाच बसतो. दोन्हीकडे मागच्या योकला (शाफ्टचा बॉक्समध्ये शिरणारा तुकडा) २७ खाचा, त्यामुळे योक चालतो. माउंट मात्र २ इंच १ सूत मागे जातं, आडवा पट्टा सरकवून नवी भोकं पाडावी लागतात.

सगळ्यात महत्त्वाची टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, केबल. ती थ्रॉटल किती उघडला ते बॉक्सला सांगते आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. दुसऱ्या कंपनीच्या कार्ब्युरेटरवर खेचण्याचा कोन चुकतो, त्याला दुरुस्ती पट्टी मिळते, ती घ्या. पूर्ण पाय दिल्यावर केबल पूर्ण ताणलेली हवी. सैल राहिली तर दाब कमी पडतो आणि तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच चकत्या काही मैलांत जळतात. केबल लावल्याशिवाय गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही न्यायची नाही.

चौथाकोन
आणि स्पीडोमीटर. जीएमच्या (शेवरलेची मूळ कंपनी) जुन्या काट्याला मैलाला केबलचे १००० फेरे लागतात. बॉक्सच्या आतल्या मागच्या शाफ्टवरचा गिअर ८ दातांचा असेल तर केबलच्या गिअरचे दात: ८ × ॲक्सल × टायरचे मैलाला फेरे ÷ १०००. ३.०७ला १८ दात, ३.७३ला २२. बॉक्समधून आलेला गिअर किती दातांचा आहे ते आधी मोजा. दात बदलले की त्याची पुंगळीही बदलावी लागू शकते. हे केलं नाही तर १८ दातांवर काटा ७०च्या जागी ८५ दाखवेल.

हौदेवाला
शेपटी मोजली, सहा इंच. म्हणजे शाफ्ट कापणं आणि बॅलन्स एकदमच होईल. ट्रूट्रॅक मागवताना १२-बोल्ट ट्रक, ३.७३ आणि वर, ३० स्प्लाइन (दांड्याच्या टोकावरच्या खाचा), एवढं सांगितलं की पुरे ना?

शिमवाली
पुरे. बेअरिंग-सीलचा पूर्ण संच आणि एक जादा क्रश स्लीव्ह त्याच ऑर्डरमध्ये टाका.